सौजन्याची गाडी, पण बिल कुणाचं?

'कर्टसी कार' हा शब्द नीट ऐकला तर अर्धी पॉलिसी समजते. कर्टसी म्हणजे सौजन्य, आणि सौजन्य हक्काने मागता येत नाही. ते समोरच्याने दाखवायचं असतं. तुमची गाडी गॅरेजात पडली की "आम्ही तुम्हाला दुसरी गाडी देऊ" असं माहितीपत्रकावर ठळक अक्षरात असतं. कधी, कुठली, किती दिवस आणि मुख्य म्हणजे कुणाच्या खर्चाने, हे बारीक अक्षरात.

आमच्या टीमकडे दोनेक वर्षं एका ब्रिटिश विमा कंपनीचं क्लेम्सचं काम आहे. अपघात झालेली गाडी आणि तिच्या बदल्यात दिलेली गाडी, ही आमच्या डेटाबेसमधली दोन टेबलं. पहिल्यात मोजके कॉलम आणि दुसऱ्यात ढीगभर! असं का, म्हणून शनिवार-रविवार खोदत बसलो तर थेट १९०० सालच्या मर्सी नदीत, लिव्हरपूलच्या बंदरात जाऊन पोचलो. तिथे मोटारच नव्हती. होतं एक दिव्याचं जहाज.

पण आधी एक फरक. अपघातात तुमची चूक नसेल तर इंग्लंडात पैसे मिळवायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तुमची स्वतःची पॉलिसी, म्हणजे करार. त्यात जे लिहिलंय तेच मिळणार. दुसरा, ज्याने ठोकलं त्याच्याकडून नुकसानभरपाई. प्रत्यक्षात ती त्याची विमा कंपनी भरते. इथे मात्र पॉलिसीत काय लिहिलंय हा प्रश्नच नाही, तुमचं खरं नुकसान काय झालं एवढंच कोर्ट बघतं. मग गाडी दहा दिवस दारात नाही, हे नुकसान आहे का? पत्रा चेपला हे दिसतं. गाडी नसणं दिसत नाही. पुढचं सगळं रामायण या न दिसणाऱ्या नुकसानीवरून आहे.

तर ते जहाज. मर्सीच्या बंदर मंडळाचं, जहाजांना वाट दाखवायला नांगरून ठेवलेलं दिव्याचं जहाज 'मेडियाना' नावाच्या बोटीने धडकून निकामी केलं. मंडळाकडे अशा वेळेसाठी एक राखीव जहाज होतंच, ते त्यांनी जागेवर नेऊन उभं केलं. बोटवाले म्हणाले, दुरुस्तीचे पैसे देतो, पण वापर बुडाला त्याचे कसले? तुम्ही भाड्याने काही आणलंच नाही! हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड हॉल्सबरींनी यावर खुर्चीचं उदाहरण दिलं. कुणी माझ्या खोलीतली खुर्ची वर्षभर उचलून नेली, तर "तुम्ही तसेही त्या खुर्चीवर फारसे बसत नव्हता" असं म्हणून त्याला भरपाई कमी करून घेता येईल का? नाही. मंडळाला पैसे मिळाले. वस्तू हाताशी नसणं हेच नुकसान, हे तिथे पक्कं झालं. जगातली पहिली कर्टसी कार हे एक जहाज होतं, असं मी हल्ली टीममध्ये सांगत असतो. (कुणी हसत नाही.)

मग आलं १९३३. 'लीसबॉश' नावाचं गाळ काढणारं जहाज १९२८ साली ग्रीसमधल्या पात्रास बंदराबाहेर उभं होतं. 'एडिसन' या बोटीच्या चुकीने ते ओढलं गेलं आणि बुडालं. मालकांनी बंदराचं काम अंगावर घेतलेलं, मुदत चाललेली, आणि नवं जहाज विकत घ्यायला हातात पैसा नाही. म्हणून त्यांनी महागड्या भाड्याने दुसरं आणलं. लॉर्ड्सनी सांगितलं की बाजारभावाने जहाजाची किंमत आणि दुसरं मिळेपर्यंतचं रास्त नुकसान मिळेल, पण तुमच्याकडे पैसे नव्हते म्हणून जो जास्तीचा खर्च झाला तो तुमचा. थोडक्यात, गरिबी हा तुमचा खासगी मामला. हा निकाल पुढे सत्तर वर्षं टिकला. मला तो आजही क्रूर वाटतो. ज्याच्या चुकीने हे घडलं त्याच्या खिशाऐवजी ज्याचं बुडालं त्याच्या खिशाची झडती घेणारा.

दरम्यान मोटारी आल्या. १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने ब्रिटनमध्ये थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा विमा ज्याच्या-त्याच्या मर्जीवर राहिला, आणि त्यात गाडीचा वापर बुडण्याचे पैसे साधारणपणे नसतच. ते भोक बुजवायला पुढे कर्टसी कार आली. ती सहसा कंपनीने ठरवलेल्या गॅरेजकडची एक छोटी हॅचबॅक असते. तुमची गाडी सात माणसांची असली तरी मिळणार ती छोटीच. बहुतेक पॉलिसींत ती फक्त दुरुस्ती चालू असेपर्यंत मिळते, आणि तीही कंपनीच्याच गॅरेजात दुरुस्ती केली तर. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर दुरुस्तीच नाही, म्हणून कर्टसी कारही नाही! म्हणजे गाडीची सगळ्यात जास्त गरज ज्या दोन प्रसंगी, नेमके तेच दोन वगळलेले. त्यासाठी वेगळे पैसे भरून वेगळं कव्हर घ्यायचं. त्यात मग दिवसांची मर्यादा. ढीगभर कॉलम कशाला, ते मला इथे कळलं.

हे भोक १९९० च्या सुमारास काही हुशार मंडळींनी हेरलं. त्यांनी चूक नसलेल्या चालकाला गाठलं. आमच्याकडून तुमच्या तोडीची गाडी घ्या, आत्ता एक पैसाही देऊ नका, ज्याने ठोकलं त्याच्या विमा कंपनीकडून आम्ही वसूल करू. याला म्हणतात क्रेडिट हायर, म्हणजे उधारीवर भाड्याची गाडी. भाडं बाजारापेक्षा बरंच चढं, कारण त्यात उधारी, वसुली, कोर्टकचेरी सगळं आलं. गाडी घेणारा भाव विचारत नाही, कारण बिल त्याला भरायचं नसतं. ज्याला भरायचं असतं त्याला कुणी विचारत नाही. विमा कंपन्या खवळल्या. दुसऱ्याच्या खटल्यात नफ्यासाठी नाक खुपसायचा हा प्रकार बेकायदा आहे, असं म्हणत त्या लॉर्ड्सपर्यंत गेल्या. १९९३ च्या जाइल्स विरुद्ध थॉम्प्सन खटल्यात हरल्या. धंदा कायदेशीर ठरला आणि फोफावला.

आता खरी मेख. त्या फुकटच्या गाडीच्या कागदावर सही कुणाची? तुमची. गाडी भाड्याने घेतली ती तुम्ही, देणेकरी तुम्ही. समोरच्याची चूक सिद्ध झाली नाही, किंवा अर्धी चूक तुमची निघाली, तर कागदोपत्री बिल तुमच्याच दारात येऊ शकतं.

विमा कंपन्यांनी पुढची लढाई याच कागदावर लढली. डायमंड विरुद्ध लव्हेल, सन २०००. ठोकरीनंतर बाईंनी जेमतेम आठवडाभर गाडी घेतलेली, बिल साडेतीनशे पौंडांच्या आसपास. त्यासाठी लॉर्ड्सपर्यंत जाणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण मागे अशाच बिलांची रांग उभी होती. लॉर्ड्स म्हणाले की भाडं नंतर द्यायचं म्हणजे ही उधारी झाली, म्हणजे १९७४ चा ग्राहक कर्ज कायदा लागू, आणि त्या कायद्याने ठरवलेला मजकूर तुमच्या करारात नाही. म्हणून कंपनीला बाईंकडून पैसे मागता येत नाहीत. आणि बाईंना देणंच लागत नसेल, तर समोरच्याकडून मागायचं काय? गाडी फुकट, आणि भाड्याच्या कंपनीचे पैसे बुडाले. वर त्यांनी असंही सुचवलं की करार पक्का असता तरी साध्या बाजारभावाएवढंच भाडं मिळालं असतं.

या कायद्यातून सुटायची पळवाट होती. करार केल्यापासून बारा महिन्यांच्या आत पैसे फेडायचे असतील (आणि हप्ते चारपेक्षा जास्त नसतील) तर तो लागत नसे. पुढे केटली विरुद्ध गिल्बर्ट खटल्यात करारात लिहिलं होतं की पैसे बारा महिने संपल्यावर द्यायचे. 'आत' नाही, 'संपल्यावर'. अपील कोर्टाने करार उडवला. ज्याने कधी लूपमध्ये 'लहान' आणि 'लहान किंवा बरोबर' यात घोळ घातलाय त्याला हा निकाल वाचून घाम फुटेल. :)

आणि मग २००३, लॅग्डेन विरुद्ध ओ'कॉनर. मला यातला सगळ्यात जवळचा खटला. बेकार, तब्येतीने खचलेला माणूस, त्याची दहा वर्षांची जुनी फोर्ड एस्कॉर्ट रस्त्याकडेला उभी, आणि दुसरीच्या चुकीने तिला दणका बसला. याला रोख भाडं परवडणारं नव्हतं, गाडी मिळणार तर उधारीवरच. साध्या बाजारभावाचा नियम लावला असता तर वरची रक्कम कुणी दिली असती? लॉर्ड्स तीन विरुद्ध दोन असे फुटले आणि तिघांनी ठरवलं की ज्याला दुसरा पर्यायच नाही त्याला पूर्ण भाडं मिळेल. त्याच निकालात लीसबॉशचा तो गरिबीचा नियमही निघाला. पात्रासचं बुडालेलं जहाज सत्तर वर्षांनी एका एस्कॉर्टने वर काढलं म्हणायचं. यातही एक गंमत आहेच. तेव्हापासून जास्त भाडं हवं असेल तर आपण कफल्लक आहोत हे बँकेचे कागद दाखवून सिद्ध करावं लागतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं भाड्याच्या कंपन्यांचं. पण विमा कंपन्यांच्या बारीक अक्षरांना कुणी हात का लावला नाही? लावणार होते. लॉर्ड डेनिंग यांनी १९५६ मध्येच एका निकालात म्हटलं होतं की काही अटी इतक्या अन्यायाच्या असतात की त्या लाल शाईत, शेजारी लाल हाताचं बोट दाखवून छापल्या तरच चालाव्यात. १९७७ साली अन्याय्य करार-अटींचा कायदा आला, आणि त्याच्या मुख्य कलमांतून विमा करार वगळले गेले! बदल्यात विमा उद्योगाने आपण नीट वागू अशी स्वतःची आचारपद्धत लिहून दिली. म्हणजे पुन्हा सौजन्यच. ग्राहकांच्या विमा करारांना न्याय्यतेची कसोटी लागली ती युरोपातून आलेल्या नियमांमुळे, १९९५ पासून.

२०१२ साली तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने अंदाज बांधला की बदली गाड्या आणि दुरुस्तीच्या या साठमारीत वर्षाला सुमारे साडेबावीस कोटी पौंड जास्तीचे जातात, आणि ते शेवटी सगळ्यांच्या प्रीमियममधूनच निघतात. चौकशी लागली. २०१४ च्या अंतिम अहवालात मूळ रोग मान्य झाला. खर्च एक करतो आणि भरतो दुसराच. पण बदली गाड्यांच्या भाड्यावर मर्यादा घालायचा उपाय मात्र सोडून देण्यात आला. इतकी वर्षं मोठ्या प्रॉडक्शन सिस्टीमवर काम केल्यावर मला याचं आश्चर्य वाटत नाही. बग सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्यावर दहा जणांचं पोट चालू असतं.

या मालिकेतला आणखी एक भाग फेब्रुवारी २०२४ चा आहे. आर्मस्टेड नावाच्या बाईंची गाडी अपघातात गेली, म्हणून त्यांनी क्रेडिट हायरवर मिनी घेतली. आणि त्या मिनीलाच एका व्हॅनने ठोकलं! मिनीच्या भाडेकरारात कलम १६ होतं. गाडी खराब झाली तर ती वापरात नसेल तितक्या दिवसांचं भाडं, जास्तीत जास्त तीस दिवस, ग्राहकाने कंपनीला द्यायचं. रक्कम झाली १५६० पौंड. आपली काहीही चूक नसताना बाई देणेकरी. व्हॅनची विमा कंपनी म्हणाली, तुमच्या खासगी करारातल्या कलमाशी आमचा काय संबंध? खालची कोर्टं एकामागून एक बाईंच्या विरोधात गेली. सुप्रीम कोर्टाने मात्र एकमताने सांगितलं की गाडी खराब झाल्यामुळेच हे देणं अंगावर आलं, तेव्हा ते व्हॅनवाल्याच्या विमा कंपनीने भरायचं. आठ वर्षांपूर्वीच्या अपघाताचे १५६० पौंड.

आपल्याकडे हे नाट्य झालंच नाही, कारण आपल्याकडची पॉलिसी बराच काळ एका साच्यातली होती. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये पॉलिसीचा मजकूरच ठरवून दिला होता. त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात एक सरळ वाक्य होतं की परिणामी नुकसान, घसारा, झीज आणि यांत्रिक किंवा विजेचा बिघाड यासाठी कंपनी जबाबदार नाही. गाडी नसणं हे त्या 'परिणामी नुकसान' या दोन शब्दांत बसतं. पंधरा दिवस रिक्षा केलीत, तुमची तुम्ही केलीत. घसाऱ्याचीही तीच गत. प्लास्टिकचा बंपर बदलला की निम्मे पैसे तुमचे, गाडी काल शोरूममधून आणलेली असली तरी.

१ जानेवारी २००७ पासून दर मोकळे झाले, पुढे ॲड-ऑन आले, आणि ही दोन्ही वाक्यं कंपन्या आपल्याला जादा पैसे घेऊन परत विकू लागल्या. घसारा नको तर झिरो डेप, आणि गाडी नसण्याचं दुःख असेल तर डेली अलाउन्स. यात गाडी क्वचितच मिळते, बहुधा रोजची ठरावीक रक्कम मिळते. मी माझ्या पॉलिसीतलं ते पान काढून वाचलं. पहिले तीन दिवस धरायचे नाहीत. जास्तीत जास्त दहा दिवस. आणि मूळ क्लेम मंजूर झाला तरच. आकडेमोड करून पाहिली. पुण्यात एका बंपरला आणि दाराला गॅरेजवाले साधारण पाच दिवस लावतात, म्हणजे हातात येणार दोन दिवसांचे पैसे. दिवस मोजायचे ते गाडी गॅरेजात टाकल्यापासून, का सर्व्हेअर येऊन गेल्यापासून, हे त्या पानावर नव्हतं. कस्टमर केअरला मेल टाकून विचारलं. चार दिवसांनी उत्तर आलं, त्यात तेच पान जोडलेलं होतं.