रामोनाचा कोंडवाडा

इंग्रजीतील 'पेन' हा शब्द कानावर पडला की साहित्याच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा आठवते ती लेखणी. त्याच वर्णांचा आणि त्याच उच्चाराचा दुसराही एक शब्द त्या भाषेत आहे. त्याचा अर्थ कोंडवाडा. 'टीम पेनिंग' या अमेरिकन अश्वक्रीडेचे नाव या दुसऱ्या शब्दावरून आले आहे. तीन घोडेस्वारांनी मिळून कळपातली ठरावीक गुरे निवडायची आणि कोंडवाड्यात घालायची, एवढेच या खेळाचे सूत्र. मात्र त्याचा इतिहास पाहू लागलो की लेखणीला अगदीच दूर ठेवता येत नाही. हा खेळ ज्या गावी जन्मला असे मानतात, त्या गावाचे नावच एका कादंबरीवरून पडलेले आहे.

आधी खेळ समजून घेऊ. मैदानाच्या एका टोकाला ३० गुरांचा कळप उभा असतो. ० ते ९ यांपैकी प्रत्येक आकडा तीन-तीन गुरांच्या अंगावर लावलेला असतो. दुसऱ्या टोकाच्या बाजूला अरुंद तोंडाचा एक लहान कोंडवाडा असतो. तीन स्वार कळपाकडे निघतात. पहिल्या घोड्याचे नाक आरंभरेषा ओलांडते त्या क्षणी पंचाचे निशाण खाली येते आणि एक आकडा पुकारला जातो. त्या आकड्याची तीन गुरे वेगळी काढून कोंडवाड्यात न्यायची. त्यासाठी वेळ मिळतो साधारण एक मिनिट, काही नियमावल्यांत दीड मिनिट. भलत्या आकड्याची गुरे ठरावीक संख्येपेक्षा जास्त रेषेपलीकडे गेली, तर तो संघ बाद. गुरांना हात, टोपी, दोर किंवा चाबूक लावता येत नाही. घोड्याने कुठे उभे राहायचे, किती जवळ जायचे आणि केव्हा थांबायचे, एवढ्यावरच सारे काम उरकावे लागते. एक स्वार कळपात शिरून गुरे काढतो, दुसरा काढलेली गुरे राखतो, तिसरा कळप मागे थोपवून धरतो. आणि प्रसंग पडला की तिघेही आपापल्या जागा बदलतात. गुरे आत गेली की कोंडवाड्याच्या तोंडाशी एक स्वार हात वर करतो. घड्याळ थांबते.

खेळ म्हणून हे नवे असले तरी काम म्हणून जुने आहे, आणि ते काम कोणाचे होते हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे. १७६९ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी सान दिएगो येथे मिशन उभारले आणि त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर गुरांचे मोठे कळप वाढू लागले. आदिवासींनी घोड्यावर बसू नये असाच स्पॅनिश सत्तेचा मुळातला कल होता. परंतु मोकळ्या रानात पसरलेली हजारो गुरे पायी चालून राखता येत नाहीत. नाइलाजाने मिशनमधल्या आदिवासींना घोडा द्यावा लागला. त्यांच्यातून जे कुशल गुराखी तयार झाले त्यांना 'वाकेरो' म्हणत. पुढे इंग्रजी भाषकांच्या तोंडी याच शब्दाचा 'बकरू' झाला.

कुंपणे नसल्याने शेजाऱ्या-शेजाऱ्यांची गुरे एकमेकांत मिसळत. वर्षातून एकदा ती सगळी एका जागी वेढून आणायची, डागांवरून ओळखायची, आपापली वेगळी काढायची आणि नव्या वासरांना डाग द्यायचे, अशी रीत होती. या वार्षिक कामाला 'रोदेओ' म्हणत. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ वेढणे, घेरणे. कोणाची गाय कोणाची, हा वाद मिटवायला 'रानाचा न्यायाधीश' हजर असे. कॅलिफोर्निया अमेरिकन संघराज्यात आल्यानंतर १८५१ मध्ये तिथल्या विधिमंडळाने या रोदेओसाठी कायदाही केला. आजच्या मैदानातला निशाणधारी पंच या जुन्या न्यायाधीशाची आठवण करून देतो. एक फरक मात्र आहे. त्या न्यायाधीशासमोर मालकीचा वाद असे. आजच्या पंचासमोर तो नसतो. गुरांच्या अंगावरचा आकडा कोणाच्याही मालकीची खूण नाही. खेळापुरता तो चिकटवायचा आणि खेळ संपला की काढून टाकायचा.

मोकळ्या रानाचे हे जग फार टिकले नाही. जमिनीचे हक्क अमेरिकन यंत्रणेपुढे सिद्ध करता करता अनेक जुने जमीनदार कर्जात बुडाले. १८६२ ते १८६४ च्या दुष्काळात गुरे मेली. पुढे शेती आली, कुंपणे आली. आदिवासींच्या जमिनी तर याआधीच हातच्या गेल्या होत्या. आता उरलेल्या वस्त्यांवरूनही त्यांना हुसकावले जाऊ लागले.

या अन्यायाचा तपास करायला हेलन हंट जॅक्सन ही लेखिका दक्षिण कॅलिफोर्नियात आली. सरकारला दिलेला तिचा अहवाल १८८३ चा. अहवाल कोणी वाचत नाही हे ओळखून तिने १८८४ मध्ये 'रामोना' ही कादंबरी लिहिली. गुलामगिरीविरुद्ध 'अंकल टॉम्स केबिन'ने जे काम केले, ते आपल्या कादंबरीने आदिवासींसाठी करावे, अशी तिची इच्छा होती. कादंबरीचा आदिवासी नायक अलेसांद्रो भ्रमिष्ट अवस्थेत दुसऱ्याचा घोडा घेऊन घरी येतो आणि त्या घोड्याचा गोरा मालक त्याला गोळी घालतो. या प्रसंगामागे १८८३ मध्ये घडलेली एक खरी हत्या होती.

वाचकांनी कादंबरी डोक्यावर घेतली. मात्र त्यांनी उचलली ती प्रेमकथा आणि जुन्या स्पॅनिश वाड्यांची उदास शोभा. प्रवासी 'रामोनाची भूमी' पाहायला येऊ लागले. हेमेट गावी १९२३ पासून तिचा वार्षिक नाट्यप्रयोग सुरू झाला. सान दिएगोच्या ईशान्येला, कुमेयाय लोकांच्या जुन्या प्रदेशात, 'नुएव्हो' नावाची एक वस्ती होती. तिने 'रामोना' हे नाव घेतले. एका फिर्यादीचे पर्यटनस्थळ कसे होते याचे याहून स्पष्ट उदाहरण साहित्येतिहासात क्वचितच सापडेल.

टीम पेनिंगच्या परंपरेनुसार १९४२ मध्ये याच रामोना गावी हा खेळ आकाराला आला. रोजच्या कामातली चुरस त्यात होतीच. तिला नियम आणि वेळ मिळाली. पुढच्या दशकांत तो पश्चिमेकडच्या राज्यांत आणि कॅनडात पसरला. १९९३ मध्ये 'युनायटेड स्टेट्स टीम पेनिंग असोसिएशन' स्थापन झाली.

त्याच्या प्रसाराची कारणे खेळाच्या रचनेतच आहेत. कळपातून एकेक गुरू वेगळे काढण्याची 'कटिंग' ही स्पर्धा याआधीच संघटित झालेली होती. तिची राष्ट्रीय संघटना १९४६ ची. पण कटिंगसाठी खास पैदाशीचा, वर्षानुवर्षे शिकवलेला घोडा लागतो. दोर टाकण्याच्या स्पर्धांतले कौशल्य बहुधा लहानपणापासून अंगी मुरवावे लागते. पेनिंगमध्ये साधा, शांत, गुरांना न बुजणारा घोडा असला तरी सुरुवात करता येते. स्त्रिया, पुरुष, मुले एकाच संघात खेळतात. आई, वडील आणि मुलगी असा संघही होऊ शकतो. संघटनेने प्रत्येक स्वाराला क्षमतेप्रमाणे आकडा दिला आणि तिघांच्या आकड्यांच्या बेरजेवर स्पर्धेचे गट ठरवले. त्यामुळे नवख्याला मुरलेल्या स्वाराबरोबर उतरता येऊ लागले. आठवडाभर कार्यालयात बसणाऱ्या आणि शनिवार-रविवारी घोड्यावर बसणाऱ्या माणसासाठी हा खेळ जणू बेतलेलाच होता. दोन स्वारांचा, गुरे आकड्यांच्या क्रमाने काढण्याचा 'रँच सॉर्टिंग' हा त्याचा धाकटा भाऊही पुढे लोकप्रिय झाला.

मग या खेळाकडे पाहावे कसे? वाकेरोच्या घामाचा सुखवस्तू लोकांनी केलेला विरंगुळा, असे म्हणून त्याला निकालात काढणे सोपे आहे. ते मला पुरेसे वाटत नाही. गुराच्या मनात काय आहे हे त्याच्या कानांवरून आणि खांद्यावरून ओळखणे, त्याला न दुखवता वळवणे, सोबत्याने न सांगता त्याची जागा भरून काढणे, ही विद्या पुस्तकात टिकत नाही. ती शरीरातच टिकते, आणि काम संपल्यावर तिला जिवंत ठेवण्याची शक्ती फक्त खेळातच असते. मालकी, मजुरी आणि उपासमार गळून गेल्यावर जे उरले ते निव्वळ कौशल्य. आणि ते खरे आहे.

पण जे गळून गेले तेही खरे होते. कादंबरी आणि खेळ यांनी रामोनाच्या मातीतून घेतले ते देखणे होते. कादंबरीची तक्रार वाचकांनी बाजूला ठेवली, आणि खेळाच्या नियमावलीत तिला जागाच नव्हती. खेळाकडून त्याची अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल. वाचकाकडून मात्र ती करता येते. अलेसांद्रोचा जीव एका घोड्यापायी गेला. त्याच्या कथेवरून नाव घेतलेल्या गावात घोड्यांचा एक आनंदी खेळ जन्मला, आणि या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणे हे आपले, लेखणीवाल्यांचे, काम आहे.