ध्वनिमुद्रण-पायरसी, भारतातील

ध्वनिमुद्रित संगीत किंवा कलावंताचे सादरीकरण हक्कदारांच्या परवानगीवाचून उतरवून घेणे, त्याच्या प्रती विकणे, भाड्याने देणे अथवा लोकांपर्यंत पोहोचवणे. बाजारात अशा मालाला सर्रास ‘डुप्लिकेट’ म्हणत. भारतात हा विषय २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आलेल्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ खाली येतो.

एका गाण्यातील हक्क : एकाच गाण्यावर अनेकांची मालकी असते. शब्दांवर गीतकाराची, चालीवर संगीतकाराची, मुद्रणावर निर्मात्याची. शिवाय सादरीकरणावर गायक-वादकांचा हक्क असतो. शब्द आणि चाल यांचे संरक्षण कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे, मुद्रणाचे प्रकाशनानंतर ६० वर्षे आणि सादरीकरणाचे ५० वर्षे चालते. मुदत पुढच्या जानेवारीपासून मोजतात. म्हणून १९६० मध्ये प्रकाशित झालेल्या तबकडीच्या मुद्रणावरचा हक्क २०२० अखेर संपला, तरी तिच्यातल्या गाण्यावरचा गीतकाराच्या वारसांचा हक्क शिल्लक असू शकतो.

या सर्वांत कलावंताला हक्क सर्वांत उशिरा मिळाला. अभिनेते देव आनंद यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, चित्रपटातील अभिनयावर नटाला कॉपीराइट नाही, असे म्हटले होते. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क कायद्यात आला. त्याची मुदत आधी २५ वर्षे होती, ती १९९९ मध्ये ५० झाली. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टी, तसेच आपले नाव लावले जाण्याचा व सादरीकरणाची विकृती रोखण्याचा हक्क मिळाला.

कॅसेटचा काळ : तबकडीची नक्कल काढायला कारखाना लागे, कॅसेटची नक्कल दोन टेपरेकॉर्डर जोडून घरी निघू लागली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ही कॅसेट भारतात १९८० च्या दशकात घरोघर पोहोचली. ग्राहक चिठ्ठीवर गाण्यांची यादी देई आणि दुकानदार साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटमध्ये ती ‘भरून’ देई. बाजू संपताना शेवटचे गाणे मध्येच तुटे. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन लहान प्लास्टिकच्या पट्ट्या असत. त्या मोडल्या की रेकॉर्डिंगचे बटण दाबले जात नसे. खाचेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा दाबले जाई. पण ही सोय मूळ गाणी चुकून पुसली जाऊ नयेत एवढ्यापुरतीच होती. प्रत काढायला कॅसेटमध्ये कसलीच आडकाठी नव्हती.

चिठ्ठीवरच्या या धंद्याशेजारी छापील वेष्टनासह हुबेहूब नकली कॅसेट काढणारा संघटित धंदाही उभा राहिला. त्याला आळा घालण्यासाठी १९८४ मध्ये शिक्षा वाढवण्यात आली आणि कॅसेटवर व वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कदाराचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी ग्रामोफोन कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर वेगळा प्रश्न आला : सिंगापूरहून कोलकाता बंदरात उतरलेल्या आणि नेपाळला निघालेल्या नकली कॅसेट भारतात ‘आयात’ झाल्या का? माल देशात विकायचा नसून केवळ पुढे जाणार असला, तरी तो देशात आणणे ही आयातच आहे आणि अशा नकली प्रती अडवता येतात, असा निर्णय न्यायालयाने दिला.

नक्कल आणि नवे गायन : लोकप्रिय गाणे दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकणे ही पायरसी नव्हे. सूचना देऊन व रॉयल्टी भरून असे ‘व्हर्जन’ काढण्याची मुभा कायद्यात होती आणि कॅसेट कंपन्यांनी ती भरपूर वापरली. वेष्टन मात्र असे असे, की ग्राहकाला मूळ गायकाचेच गाणे वाटावे. २०१२ पासून नियम कडक झाले : मूळ मुद्रणाला पाच वर्षे लोटलेली हवीत, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ हवी, वेष्टनावर मूळ गायकाचे नाव वा छबी नको आणि हे नवे गायन आहे हे छापलेले हवे.

शिक्षा : जाणीवपूर्वक केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. झोपडपट्टीगुंड व हातभट्टीवाले यांच्या स्थानबद्धतेसाठी केलेल्या महाराष्ट्राच्या १९८१ च्या कायद्यात २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्सही दाखल झाले.

डिजिटल काळ : एमपीथ्री सीडीत शंभराहून अधिक गाणी मावू लागली आणि प्रतीची प्रत काढली तरी आवाज खालावेनासा झाला. पुढे गाणी इंटरनेटवरून पसरू लागली आणि विक्रेताच दिसेनासा झाला. मग अज्ञात प्रतिवादींविरुद्ध मनाई हुकूम निघू लागले. भारतीय न्यायालयांत ते ‘अशोक कुमार’ हुकूम म्हणून ओळखले जातात. नक्कल रोखण्यासाठी लावलेले तांत्रिक कुलूप उल्लंघनाच्या हेतूने तोडणे हाही २०१२ पासून गुन्हा आहे.

अपवाद : प्रामाणिक धार्मिक विधीत, वरातीत व लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवणे हे उल्लंघन नाही. मात्र या सवलतीची व्याप्ती वादाची आहे. गोवा सरकारने याविषयी काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले. मैफलीत पुढच्या रांगेत बसून स्वतःपुरते गाणे उतरवून घेणाऱ्या रसिकालाही सादरकर्त्याच्या हक्कातून सूट आहे. तेच मुद्रण त्याने पुढे इंटरनेटवर टाकले, की ‘स्वतःपुरते’ ही अट मोडते आणि त्याबरोबर सूटही जाते.