रिकाम्या कंसाची हमी

आपल्या मंडळात सॉफ्टवेअरवाल्यांची वाण नाही, पण ही हकीगत इतर वाचकांनाही कळावी अशी आहे. संगणकाच्या भाषेतला एक नियम मोडीत काढायला किती वर्षे लागतात, त्याची ही गोष्ट.

प्रोग्रॅम चालताना अडचण आली, म्हणजे समजा मेमरी संपली, तर सी प्लस प्लस भाषेत फंक्शन आपले काम सोडून ‘एक्सेप्शन’ फेकते. ज्याने ते फंक्शन बोलावले त्याने, किंवा त्याच्याही वरच्या कोणी, ते झेलून निस्तरायचे. १९९८ च्या आयएसओ मानकात याला जोडून एक हमीपत्र होते. फंक्शनपुढे ‘थ्रो’ लिहून कंसात यादी द्यायची: एवढ्याच जातीची एक्सेप्शन्स बाहेर पडतील. कंस रिकामा असेल तर एकही नाही.

कॉलेजात शिकताना मला ही व्यवस्था मोठी सज्जन वाटली होती. पण हमी तपासायची कोणी? जावाने हे काम बरेचसे कंपायलरवर सोपवले. इथे तपासणी व्हायची ती प्रोग्रॅम चालू असताना. यादीबाहेरचे काही निघाले, की वर झेलणारा तयार असला तरी सहसा सगळा प्रोग्रॅमच बंद! पत्रिकेत नाव नसलेला पाहुणा आला म्हणून मांडवच उतरवायचा, असा हा न्याय. त्यातून टेम्प्लेट लिहिणाऱ्याची पंचाईत वेगळीच. कोणत्या टाइपवर आपला कोड चालणार हेच ठाऊक नाही, तर यादीत लिहायचे काय? मायक्रोसॉफ्टचा कंपायलर तर अशी यादी नुसती वाचून सोडून देई.

२०११ च्या मानकाने या यादीवर ‘डेप्रिकेटेड’ असा शिक्का मारला. म्हणजे चालेल, पण यापुढे वापरू नका. तिच्या जागी ‘नोएक्सेप्ट’ आले. प्रश्न एकच: फेकणार की नाही? ही हमी मोडली तरी प्रोग्रॅम बंदच पडतो. मात्र पाळली जाणार म्हटल्यावर तिचा उपयोग होतो. व्हेक्टरला जागा अपुरी पडली की आतल्या वस्तू नव्या जागेत न्याव्या लागतात. मधेच एक्सेप्शन आले तर जुने आणि नवे दोन्ही घर अर्धवट! हमी असली, तर नकला न करता वस्तू सरळ हलवता येतात.

यादी २०१७ मध्ये भाषेतून गेली, रिकामा कंस २०२० मध्ये. आमच्या एका जुन्या लायब्ररीत दोन्ही होते. रिकामे कंस एका स्क्रिप्टने बदलले. भरलेले मात्र एकेक वाचावे लागले. त्या याद्या मी पुसल्या नाहीत, कॉमेंटमध्ये ठेवल्या. लिहिणाऱ्याने त्या विचार करून लिहिल्या होत्या.