कोल्हापूर महानगरपालिका

कोल्हापूर महानगरपालिका ही महाराष्ट्रातील कोल्हापूर शहराचा नागरी कारभार पाहणारी स्थानिक स्वराज्य संस्था आहे. १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेचे रूपांतर होऊन ती अस्तित्वात आली. तिचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर असून २०११च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. पाणीपुरवठा, रस्ते, सांडपाणी, कचरा, दिवाबत्ती, वाहनतळ, उद्याने, शहर बससेवा व प्राथमिक शिक्षण ही तिची प्रमुख कामे होत. या सेवांविषयीचे धोरण सभागृहात ठरत असले, तरी त्यासाठी लागणारा पैसा व अधिकार आयुक्त, राज्य शासन आणि पोलीस यांच्यात विभागलेले आहेत. त्यामुळे एखादा निर्णय नेमका कोणाचा आणि त्याचा भार कोणी सोसायचा, हा वाद शहराच्या सार्वजनिक जीवनात वारंवार उद्भवला आहे. रस्ते विकास प्रकल्प व टोलविरोधी आंदोलन हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

इतिहास

कोल्हापूर संस्थानाच्या काळात, १२ ऑक्टोबर १८५४ रोजी नगरपालिका स्थापन झाली. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि नगरपालिकाही त्या राज्याच्या व्यवस्थेत आली. संस्थानकाळातील अनेक सार्वजनिक वास्तू पुढे या संस्थेच्या देखरेखीखाली आल्या. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१५ साली उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, त्यांपैकी एक होय. ८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री लागलेल्या आगीत हे नाट्यगृह भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ‘नाट्यगृह होते तसे उभे करावे’ ही मागणी तेव्हा कलावंतांनी व नागरिकांनी लावून धरली.

रचना व निर्णयप्रक्रिया

महानगरपालिकेचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार चालतो. हा कायदा मूळचा १९४९चा असून पूर्वी तो मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जात असे. त्यात महापालिकेची कामे बंधनकारक आणि ऐच्छिक अशा दोन गटांत विभागली आहेत. पाणी, स्वच्छता, रस्ते यांसारखी कामे पहिल्या गटात मोडतात. ती टाळण्याची मुभा संस्थेला नसते.

नगरसेवकांची सर्वसाधारण सभा धोरण ठरवते व अंदाजपत्रकास अंतिम मंजुरी देते. महापौर या सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात. सोळा सदस्यांची स्थायी समिती निविदा, करार व खर्चाच्या प्रस्तावांवर निर्णय घेते. प्रत्यक्ष अंमलबजावणीचा अधिकार मात्र राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतो. अंदाजपत्रकाचा प्रस्तावही आयुक्तच स्थायी समितीपुढे ठेवतात आणि समितीने फेरफार केल्यानंतर तो सभेपुढे येतो. सभेने केलेला ठराव कायद्याशी विसंगत अथवा लोकहितास बाधक वाटल्यास कलम ४५१ अन्वये राज्य शासन तो निलंबित किंवा विखंडित करू शकते. त्यामुळे सभागृहात ठराव मंजूर होणे हा निर्णयाचा एक टप्पा असतो, शेवट नव्हे.

मुख्य कार्यालय भाऊसिंगजी रस्त्यावर आहे. शहराचे दैनंदिन कामकाज गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी व ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांतून चालते.

१ नोव्हेंबर २०१५ रोजी झालेल्या निवडणुकीत ८१ प्रभागांतून प्रत्येकी एक सदस्य निवडून आला. त्या सभागृहाची मुदत १५ नोव्हेंबर २०२० रोजी संपली. पुढील निवडणूक लांबल्याने पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाची राजवट राहिली. या काळात सभा व स्थायी समिती यांचे अधिकार प्रशासकाकडे एकवटले होते. कामे मंजूर होत होती, परंतु त्यांवर जाहीर चर्चा करणारे, उपसूचना मांडणारे व विरोध नोंदवणारे सभागृह नव्हते. १५ जानेवारी २०२६ रोजी बहुसदस्यीय प्रभाग पद्धतीने मतदान होऊन लोकनियुक्त कारभार पुन्हा सुरू होण्याचा मार्ग मोकळा झाला.

पाणीपुरवठा

शहराला पूर्वी कळंबा तलावातून व पुढे प्रामुख्याने बालिंगा आणि शिंगणापूर येथील उपसा केंद्रांतून नदीचे पाणी मिळत असे. नदीचे वाढते प्रदूषण व पावसाळ्यात उपसा केंद्रांत पुराचे पाणी शिरण्याचा धोका, या दोन कारणांमुळे दूधगंगा नदीवरील काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनी आणावी, अशी मागणी अनेक वर्षे होत राहिली. २०१४ मध्ये काम सुरू झाले. सुमारे ५३ किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, पाणी पुईखडी येथील जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचले. शहरातील जुन्या वितरण वाहिन्यांतून ते घरोघरी समान दाबाने पोहोचवणे हे त्यापुढचे काम ठरले.

रस्ते विकास प्रकल्प व टोलचा प्रश्न

शहरातील सुमारे ५० किलोमीटर लांबीचे प्रमुख रस्ते ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ या तत्त्वावर विकसित करण्यासाठी महानगरपालिका, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी या कंपनीची उपकंपनी यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. प्रकल्पाचा मूळ अंदाजित खर्च २२० कोटी रुपये होता. त्या बदल्यात कंपनीला ३० वर्षे टोलवसुलीचा हक्क आणि टेंबलाईवाडी येथील जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. शहराच्या प्रवेशमार्गांवर नऊ टोलनाके उभे राहिले.

महापालिकेच्या तिजोरीवर भार न पडता रस्ते होतील, ही या योजनेमागील भूमिका होती. विरोधकांचे म्हणणे असे होते की, घरफाळा भरणाऱ्या नागरिकाने आपल्याच शहरात ये-जा करण्यासाठी पुन्हा पैसे मोजणे अन्यायाचे आहे. कामाचा दर्जा, अपुरी गटारे व पदपथ, रस्त्यात राहिलेले विजेचे खांब यांवरही आक्षेप घेतले गेले. सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समितीने हा लढा चालवला. ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील व कॉ. गोविंद पानसरे त्याच्या अग्रभागी होते. मोर्चे, बंद, धरणे व उपोषणे यांत तालमी, तरुण मंडळे, व्यापारी, वकील आणि महिला मोठ्या संख्येने सहभागी झाल्या.

ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाल्यावर आंदोलन तीव्र झाले. टोल रद्द करण्याचे आश्वासन मिळूनही वसुली थांबली नाही, तेव्हा १२ जानेवारी २०१४ रोजी संतप्त जमावाने नाक्यांची मोडतोड व जाळपोळ केली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने वसुलीला स्थगिती दिली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने ती उठवल्याने वसुली पुन्हा चालू झाली. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राज्य शासनाने कोल्हापूरचा टोल कायमचा रद्द करण्याची घोषणा केली व कंपनीची भरपाई करण्याची जबाबदारी स्वीकारली. टोल गेला, तरी रस्त्यांचा खर्च नाहीसा झाला नाही. तो वाहनधारकांकडून शासनाच्या तिजोरीकडे गेला आणि रस्त्यांच्या देखभालीचा भार महापालिकेकडे आला.

शिवाजी पेठ व जुन्या शहरातील वाहनतळ

अंबाबाई मंदिर व रंकाळा तलाव यांच्या लगत वसलेली शिवाजी पेठ ही शहरातील जुनी व दाट वस्ती आहे. निवृत्ती चौकातील अर्धा शिवाजी पुतळा, गांधी मैदान आणि खंडोबा, फिरंगाई, सरदार यांसारख्या तालमी ही पेठेची ओळख आहे. तालमी व मंडळे ही येथे केवळ व्यायामाची व उत्सवाची ठिकाणे नाहीत. पाणी, गटारे, रस्ते यांबाबतच्या तक्रारी आधी तेथे चर्चिल्या जातात व मग महापालिकेत पोहोचतात. गांधी मैदानावर पावसाळ्यात पाणी साचणे ही अशीच एक जुनी तक्रार आहे.

भाविक व पर्यटकांची संख्या वाढल्याने मंदिर परिसर आणि भोवतालच्या पेठांत वाहने उभी करण्याचा प्रश्न बिकट झाला. जुने रस्ते अरुंद आहेत व अनेक वाड्यांना स्वतःची वाहनतळाची जागा नाही. वाहनतळाची जागा ठरवणे, तिचे शुल्क निश्चित करणे व ठेका देणे हे महापालिकेचे काम आहे. ‘नो पार्किंग’, एकेरी मार्ग व सम-विषम तारखांची व्यवस्था मात्र पोलिसांच्या अधिसूचनेने लागू होते. बिंदू चौकातील वाहनतळ तसेच मंदिर विकास आराखड्यातील सरस्वती टॉकीजजवळचे बहुमजली वाहनतळ हे यावरील उपाय होत. सशुल्क वाहनतळामुळे बाहेरून येणाऱ्या वाहनांना शिस्त लागते, परंतु स्थानिक रहिवाशांनी स्वतःच्या दारात शुल्क का भरावे, हा आक्षेप येथेही घेतला जातो.

हद्दवाढ

नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी शहराची हद्द वाढली नाही. लगतच्या गावांत उपनगरे वाढली. तेथील रहिवासी नोकरी, शिक्षण व बाजारासाठी शहरात येतात आणि शहराचे रस्ते व सुविधा वापरतात, पण त्यांचा घरफाळा ग्रामपंचायतीकडे जमा होतो. हद्दवाढ झाल्यास लोकसंख्येच्या प्रमाणात अनुदान वाढेल, असे समर्थकांचे म्हणणे आहे. करवाढ होईल, शेतजमिनींवर आरक्षणे पडतील व आहे त्याच शहराला पुरेशा सुविधा मिळत नाहीत, असा ग्रामस्थांचा प्रतिवाद आहे. यावर मध्यममार्ग म्हणून २०१७ मध्ये शहरालगतच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन करण्यात आले. मात्र त्यानंतरही हद्दवाढीची मागणी आणि तिला असलेला विरोध कायम राहिला.