शेपटीविना: फोमच्या जेटचा पूर्वेतिहास

फोमच्या शीटमधून कापलेलं, मागे डक्टेड फॅन बसवलेलं आणि रेडिओवर चालणारं त्रिकोणी ‘फ्लाइंग विंग’ पाहिलं की बहुतेकांना अमेरिकेचं बी-२ बॉम्बर आठवतं. बांधणाराही अनेकदा तेच डोळ्यांपुढे ठेवून काळपट राखाडी रंग देतो. त्यामुळे या छंदाची वंशावळ सांगताना एक सोयीची रेघ ओढली जाते: जर्मनीतले हॉर्टन बंधू, अमेरिकेतला जॅक नॉर्थ्रॉप, मग संगणक, मग बी-२ आणि शेवटी त्याची खेळण्यातली नक्कल. ही रेघ मला पटत नाही. रूप बी-२चं असेल, पण फोमच्या या विमानाचं गोत्र इंजिन नसलेल्या ग्लायडरांचं आहे. शिवाय ज्या अडचणीने बिनशेपटीच्या मोठ्या विमानांना दशकानुदशकं छळलं, ती इथे सुटली याचं श्रेय संगणकापेक्षा बॅटरीला अधिक जातं.

अडचण मुळात तरफेची आहे. साध्या विमानाची शेपटी पंखापासून लांब असते, म्हणून ती लहान असूनही नाक वर-खाली होणं सहज आवरते. शेपटीच काढून टाकली तर ते काम पंखालाच करावं लागतं. त्यासाठी पंखाची मागची कड किंचित वर वळवतात, ज्याला ‘रिफ्लेक्स’ म्हणतात. किंवा पंख मागे झुकवून त्यांच्या टोकांना थोडा उलटा पीळ देतात. दोन्ही उपाय चालतात, पण त्यांत थोडी उचल वाया जाते आणि तरफ आखूडच राहते. परिणामी विमानाचा गुरुत्वमध्य फार अरुंद पट्ट्यात ठेवावा लागतो. तो जरा मागे सरकला की विमान ताब्यात राहत नाही, जरा पुढे गेला की नाक वर यायला तयार होत नाही. फोमच्या छोट्या मॉडेलमध्ये हा पट्टा काही मिलिमीटरांचा असतो.

ही कल्पना निसर्गाने आयती दिली होती. जावा-सुमात्राच्या जंगलातल्या झानोनिया वेलीचं बी कागदासारख्या पातळ पंखावर तरंगत खाली येतं. त्याला शेपटी नाही, तरी ते स्थिर असतं. फ्रीडरिश आलबोर्न या जर्मन प्राध्यापकाने १८९७मध्ये त्यावर लिहिलं, ते वाचून ऑस्ट्रियाच्या इगो एट्रिखने त्याच आकाराचे ग्लायडर केले आणि १९०६मध्ये त्यांतल्या एकातून माणूस उडाला. पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एट्रिखने इंजिन बसवायला घेतलं आणि अखेर शेपटी जोडली. १९१०चं त्याचं गाजलेलं ‘टाउबे’ विमान शेपटीचं आहे. ग्लायडर म्हणून जमलेला आकार इंजिन आल्यावर बिघडला, हा या इतिहासातला पहिला पुरावा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जे. डब्ल्यू. डन याने झुकत्या पंखांचं बिनशेपटीचं बायप्लेन ऑर्व्हिल राइटच्या समोर हात सोडून उडवून दाखवलं, हे खरं. म्हणजे इंजिनासह स्थैर्य अशक्य नव्हतं. पण डनचं विमान स्थिर होतं तितकंच संथ आणि वळायला जड होतं, आणि सैन्याला हवं होतं ते चपळ विमान.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली आणि सगळी हुशारी ग्लायडरांत ओतली गेली. आलेक्झांडर लिपिशने १९२७पासून ‘श्टॉर्ख’ मालिकेतली बिनशेपटीची ग्लायडरं केली. मोठं बांधण्याआधी तो मॉडेल उडवून पाहत असे. वॉल्टर आणि रायमार हॉर्टन ही बॉनची पोरं तर मॉडेल विमानांच्या छंदातूनच आली. त्यांचं पहिलं माणूस नेणारं ग्लायडर त्यांनी राहत्या घरात बांधलं आणि १९३३मध्ये उडवलं. मॉडेल हे इथे खऱ्या विमानाचं धाकटं भावंड नव्हतं, थोरलं होतं. ग्लायडरमध्ये वैमानिक एका जागी बसतो आणि उडताना त्याचं वजन बदलत नाही, त्यामुळे गुरुत्वमध्य एकदा लावला की लागला. हॉर्टनांच्या ग्लायडरांचं यश प्रतिभेचं होतंच, पण या सोयीचाही त्यात मोठा वाटा होता.

सोय गेल्यावर काय होतं, ते नॉर्थ्रॉपच्या कारखान्यात दिसतं. त्याचं बिनशेपटीचं बॉम्बर एक्सबी-३५ जून १९४६मध्ये उडालं: ५२ मीटरांहून अधिक रुंद, आणि गिअरबॉक्स-प्रोपेलरच्या कटकटींनी बेजार. त्याचीच जेट आवृत्ती वायबी-४९ ऑक्टोबर १९४७मध्ये उडाली. प्रोपेलर गेले तसं त्यांच्यामुळे मिळणारं स्थैर्यही गेलं, म्हणून चार लहान उभे पंख जोडावे लागले. तरीही विमान डावी-उजवीकडे डुलत राही आणि बॉम्बचा नेम चुके. तहानलेल्या जेट इंजिनांनी पल्लाही घटवला. जून १९४८मध्ये एक वायबी-४९ कोसळलं. त्यातल्या ग्लेन एडवर्ड्‌सचं नाव पुढे, ते विमान जिथून उडालं होतं, त्या विमानतळाला दिलं गेलं. प्रकल्प राजकारणाने मारला असं नॉर्थ्रॉप म्हातारपणी म्हणाला. इतिहासकारांना ते पुरतं पटलेलं नाही, मलाही नाही. झुकत्या पंखात इंधनाच्या टाक्या पंखभर पसरतात आणि बाहेरच्या टाक्या आतल्यांपेक्षा मागे असतात. इंधन कोणत्या क्रमाने जळतं यावर गुरुत्वमध्य हलतो, बॉम्ब टाकला की पुन्हा हलतो. आखूड तरफेच्या विमानाला ही चैन परवडत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: बी-२ने हा प्रश्न संगणकाने सोडवला, १९८९पासून ते उडतंय, मग श्रेय संगणकाचंच. मोठ्या विमानापुरतं हे मान्य. पण बी-२ला उभा पंख एकही नाही, कारण रडारला चुकवायचं आहे. संगणकाचं ओझं त्या हट्टापायी वाढलेलं आहे. आणि तिथेही गुरुत्वमध्य जागेवर ठेवायला इंधन एका टाकीतून दुसरीत फिरवावं लागतं, म्हणजे जुनं दुखणं बरं झालेलं नाही, त्याच्यावर रोजचं औषध सुरू आहे. भारतात डीआरडीओने जुलै २०२२मध्ये चित्रदुर्गला उडवलेलं स्वयंचलित फ्लाइंग विंगही याच घराण्यातलं. फोमचं विमान मात्र संगणकाशिवाय उडतं, आणि त्यात स्थिरीकरणाचे जायरो यायच्या कितीतरी आधीपासून उडत आलंय.

फोमकडे वळू. पॉलिस्टायरीनचा फोम, आपला थर्माकोल, १९५०च्या दशकात बाजारात आला. तापलेल्या तारेने तो लोण्यासारखा कापला जातो, हे महाराष्ट्रात निराळं सांगायला नको: गणपतीची मखरं आणि लग्नातली नावं याच तारेने कापली जात, २०१८च्या बंदीपर्यंत. मॉडेलवाल्यांनी १९६०-७०च्या दशकांत फोमचे पंख कापले, पण त्यांवर बाल्साचं पातळ लाकूड चिकटवून. नुसता थर्माकोल आपटला की फुटतो, पेट्रोलने विरघळतो, शिवाय इंजिनाचा कंप सोसत नाही. पारडं फिरलं ते ईपीपीने. पॉलिप्रोपिलीनचा हा फोम मोटारींच्या बंपरसाठी वापरात आला: घनमीटरला जेमतेम २० किलो, दाबला की परत फुगणारा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर ‘झागी’सारखे ईपीपीचे पंख उडू लागले, तेही बिनइंजिनाचे, आणि त्यांचा खेळ काय तर हवेत एकमेकांना धडकून पाडायचं. अशा खेळात साध्या मॉडेलची शेपटी सर्वांत आधी मोडते. ती नसलीच तर मोडणार काय? मागे झुकलेला फोमचा एक तुकडा, त्यात खुपसलेली कार्बनची दांडी, दोन सर्व्हो मोटरी, दोन एलेव्हॉन म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या कडा. या आकाराची निवड वायुगतिकीने केली नव्हती. ती रोजच्या दुरुस्तीला कंटाळलेल्या लोकांनी केली.

जेटचा टप्पा त्यानंतरचा. डक्टेड फॅन ही काही नवी कल्पना नव्हती. मिथेनॉलवर चालणारी छोटी इंजिनं तो फिरवत, पण प्रचंड आरपीएम, आवाज आणि खर्च पदरी घेऊन. ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी २०००नंतर स्वस्त झाल्या, तेव्हा ७० मिलिमीटरचा फॅन किलोभर रेटा देऊ लागला. इथे पंखाचं जुनं भांडण मिटलं, ते बॅटरी हलकी झाली म्हणून नव्हे. बॅटरी भरलेली असो वा रिकामी, तिचं वजन तेवढंच राहतं. उड्डाणाच्या पहिल्या मिनिटाला गुरुत्वमध्य जिथे असतो तिथेच तो शेवटच्या मिनिटाला असतो, अगदी ग्लायडरसारखा. फॅन मागे असल्यामुळे तोल मागे झुकतो. तो सावरायला बॅटरी नाकात सरकवायची, वेल्क्रोने बांधायची, बस्स.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एकाच कडेने नाकही वर-खाली करायचं आणि विमान कलतंही करायचं, तर दोन आज्ञांचं मिश्रण लागतं. ते ट्रान्समीटरमधलं इलेक्ट्रॉनिक्स करतं, मग संगणकाला श्रेय का नाकारायचं? मिश्रणाने काम सोपं केलं यात वाद नाही. पण तेच मिश्रण त्याआधी सरकत्या तबकडीवर सर्व्हो बसवून यांत्रिक पद्धतीने होत होतंच. आणि हे इलेक्ट्रॉनिक्स हाताची आज्ञा वाटून देतं, विमान सावरून धरत नाही. सावरण्याचं काम पंखाचा पीळ आणि बॅटरीची जागाच करतात.

पंखाच्या छेदाची निवडही वायुगतिकीने नव्हे, सोयीने झालेली दिसते. फोमच्या जेटांत बऱ्याचदा पायरी असलेला ‘क्लाइन-फॉगलमन’ छेद दिसतो. तो एका कागदी विमानातून निघाला आणि १९७२मध्ये त्याचं पेटंट झालं. नासासाठी झालेल्या चाचण्यांत मात्र तो फिका पडला, कारण उचलीच्या मानाने अवरोध जास्त. मोठ्या विमानाला तो निरुपयोगी. पण सपाट शीटवर दुसरी शीट चिकटवली की पंख जाडही होतो आणि ताठही, घोटून गोलाई आणावी लागत नाही. अवरोधाची किंमत चुकवायला मोटरकडे ताकद शिल्लक असते.

माझं म्हणणं ताडून पाहायचं तर खरी केरोसीन टर्बाइन बसवलेली मॉडेलं बघावीत. जर्मनीतल्या कुर्ट श्रेकलिंगने १९८०च्या दशकाच्या अखेरीस घरगुती टर्बाइन जमवून दाखवली, तेव्हापासून हौशी लोक ती वापरतात. फ्लाइंग विंगवर ती बसवली की इंधन जळू लागतं, वजन हलू लागतं, आणि टाकी नेमकी गुरुत्वमध्यावर बसवण्याची एट्रिख-नॉर्थ्रॉपच्या काळची सगळी हिशेबबाजी परत येते. तापलेल्या झोताजवळ उघडा फोमही टिकत नाही. फायबरग्लास आणि कार्बन लागतं, खर्च अनेक पटींनी वाढतो, आणि असं जेट टेबलावरच्या फोममधून संध्याकाळच्या फावल्या वेळात निघत नाही.