शेवट एक, अर्थ दोन

फळ्यावर नुसता ‘कर’ हा शब्द लिहून अर्थ विचारला, तर एखादा विद्यार्थी ‘हात’ म्हणेल, दुसरा ‘सरकारला भरायचा पैसा’ म्हणेल, तर तिसऱ्याला ‘अभ्यास कर’ आठवेल. पूर्ण वाक्य मिळाले की घोटाळा मिटतो. संगणकातील नावांच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. तेथे मात्र चुकीच्या अर्थाची किंमत मोजावी लागते.

१९७४ च्या सुमारास गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ‘सीपी/एम’ ही कार्यप्रणाली तयार केली. तिच्यात फाईलच्या नावाला टिंब देऊन पुढे तीन अक्षरे जोडत. त्यावरून फाईलचा प्रकार कळे. ‘डॉट कॉम’ म्हणजे कमांड, अर्थात संगणकाने थेट चालवायचा प्रोग्रॅम. १९८१ मध्ये आलेल्या डॉसनेही ही पद्धत उचलली. डॉसच्या एका मुख्य प्रोग्रॅमचे नावच ‘कमांड डॉट कॉम’ होते.

इकडे इंटरनेटवरील संगणकांना सुटसुटीत नावे देण्याची पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. १९८५ पासून व्यापारी संस्थांच्या नावांपुढे ‘डॉट कॉम’ लागू लागले. येथे ‘कॉम’ हे ‘कमर्शियल’चे लघुरूप होते. अक्षरे तीच, अर्थ वेगळा! पण फाईल घरच्या संगणकात आणि पत्ता इंटरनेटवर, अशी दोन्ही जगे तेव्हा निराळी होती. त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही.

ई-मेलमुळे ही जगे एकत्र आली. जानेवारी २००२ मध्ये ‘मायपार्टी’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम पसरला. पार्टीचे फोटो पाहा, असे सांगणाऱ्या पत्रासोबत ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट मायपार्टी डॉट याहू डॉट कॉम’ अशा नावाची फाईल येई. लोकांना तो संकेतस्थळाचा पत्ता वाटे. प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम होता. क्लिक करताच तो चालू होई आणि त्या संगणकात नोंदवलेल्या इतर पत्त्यांवर स्वतःच्या प्रती पाठवी.

मे २०२३ मध्ये हीच गोष्ट उलट्या दिशेने पुढे आली. गुगलने ‘डॉट झिप’ हा पत्त्यांचा शेवट सर्वांना विक्रीस खुला केला. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणलेल्या झिप पद्धतीमुळे हा शेवट दाबून लहान केलेल्या फाईलींची खूण म्हणून रुळला होता. आता फाईलसारखे दिसणारे नाव पत्ताही असू शकते. समजा, आपण सहकाऱ्याला ‘निकाल डॉट झिप जोडली आहे’ असे इंग्रजी अक्षरांत लिहिले. काही प्रोग्रॅम त्या शब्दांची आपोआप दुव्यात रूपांतर करतात. ते नाव कोणा लबाडाने विकत घेतले असेल, तर विश्वासाने क्लिक करणारा सहकारी थेट त्याच्या दारात पोहोचतो.

असा गोंधळ नवा नाही, ‘कमांड डॉट कॉम’ हा एका कंपनीचा पत्ताही आहेच, असे गुगलचे उत्तर होते. ते खोटे नाही. पण मायपार्टीने हा जुना गोंधळही निरुपद्रवी नसल्याचे दाखवले होते.

म्हणून विद्यार्थ्यांना शेवटच्या तीन अक्षरांवर विसंबायला शिकवू नये. हे कोणी पाठवले, आपण मागितले होते का आणि क्लिक केल्यावर नेमके काय उघडणार, हे तीन प्रश्न विचारायला शिकवावे. शब्दाचा अर्थ वाक्यात शोधावा, हे व्याकरणाच्या तासाला आपण सांगतोच. तेच येथेही सांगायचे आहे.