गाणें कोणाचें?

'लव्हसिक ब्लूज' हें गाणें हँक विल्यम्सचें, असें अमेरिकेंत सर्रास म्हणतात. आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें. क्लिफ फ्रेंडची चाल व आयर्विंग मिल्सचे शब्द घेऊन तें १९२२ सालीं शहरी करमणुकीच्या बाजारांत आलें. १९२५ व १९२८ सालीं एमेट मिलर या गोऱ्या गायकानें त्याच्या तबकड्या काढल्या. तोंडाला काजळी फांसून काळ्या लोकांची नक्कल करणें हा त्याचा धंदा. खेळ ओंगळच, पण ज्या चिरकत्या लकेरीवर हँकचे श्रोते पुढें लुब्ध झाले, ती या गृहस्थाच्या तबकडींत स्वच्छ ऐकूं येते. १९३९ सालीं रेक्स ग्रिफिननें आरंभींचा भाग गाळून तें गिटारवर गाइलें, आणि हँकनें तोच घाट उचलला. डिसेंबर १९४८ मध्यें सिनसिनाटीस ध्वनिमुद्रण झालें. निर्माता फ्रेड रोझ यास तें गाणेंच नापसंत होतें! १९४९ सालीं 'बिलबोर्ड'च्या खेडवळ 'कंट्री' गाण्यांच्या यादींत तें १६ आठवडे अग्रभागीं राहिलें, आणि ११ जून रोजीं नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री'त त्यास वन्समोअरवर वन्समोअर पडले. हँक १९५३ सालीं, वयाच्या २९ व्या वर्षीं गेला. मिलर १९६२ सालीं जन्मगांवीं, मेकनला वारला. तेव्हां त्याची आठवण फारच थोड्यांस उरली होती.